चारच पहारेकरी

प्रोग्राममधली सगळ्यात छळणारी चूक कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, मेमरीतली एखादी जागा कुणीतरी खराब करतं आणि कोण ते कळत नाही ती. कोसळतं तिसऱ्याच ठिकाणी. जागोजागी संदेश छापून पाहावं तर वेळेचं गणित बदलतं आणि चूक दडून बसते.

माझा भाचा लातूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या ड्रायव्हरमधला त्याचा एक आकडा मध्येच भलताच व्हायचा आणि सबमिशन चार दिवसांवर आलं होतं. मी नांदेडहून फोनवर म्हटलं, पहारा बसव.

म्हणजे हार्डवेअर ब्रेकपॉइंट. 'या पत्त्यावर कुणी लिहिलं की मला हाक मार,' असं थेट प्रोसेसरलाच सांगायचं. इंटेलच्या १९८५ च्या ८०३८६ पासून यासाठी चार पत्त्यांची सोय आहे आणि आजच्या लॅपटॉपमध्येही चारच. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर कित्येक वर्षं एकच होता, पॉवर १० मध्ये दोन झाले. इतकी थोडी रजिस्टरं, आणि मागणारे अनेक. म्हणून लिनक्स कर्नलमध्ये त्यांची वाटणी करणारा एक सामाईक थर आहे. ॲलन स्टर्न, के. प्रसाद आणि फ्रेडरिक वाइसबेकर यांच्या कामातून तो उभा राहिला आणि २०१० च्या २.६.३३ या आवृत्तीत आला. वरून मागणी एकच, खाली प्रत्येक प्रोसेसरचा कोड वेगळा.

भाच्याने कर्नलसोबतच येणारा नमुना उचलला आणि त्यात आपला पत्ता घातला. रात्री फोन आला, "मामू, लॅपटॉप पे बराबर चलरा, बोर्ड पे एकीच लाइन आरी, रुकतीच नै."

बोर्ड आर्मचा होता. फरक इथेच आहे. इंटेलचा प्रोसेसर लिहून झाल्यावर हाक मारतो. आर्म लिहिण्याच्या आधीच थांबतो. तिथून परत सोडलं की तीच सूचना पुन्हा चालते आणि पुन्हा पहाऱ्यावर अडकते. एरवी कर्नल पहारा क्षणभर उठवतो, एक सूचना पुढे जाऊ देतो आणि पुन्हा पहारा बसवतो. पण नमुन्यासारखा स्वतःचा हँडलर दिला की आर्मचा कोड यातून अंग काढून घेतो, पुढचं हँडलरने बघायचं.

सामाईक थराने हे झाकायला हवं होतं, असं भाच्याचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. फक्त वाचण्यावर पहारा ठेवायची सोय इंटेलकडे नाही, आर्मकडे आहे. तशी मागणी इंटेलवर केली तर कर्नल सरळ नकार देतो, वाचण्या-लिहिण्याचा मिळून पहारा गुपचूप गळ्यात मारत नाही. तो नकार मला आवडतो. कारण खोटी हाक आली की माणूस रात्रभर भलत्याच फंक्शनमागे धावतो. पण आर्मवर नकारही नाही आणि कामही नाही, नुसतंच गरगर फिरणं, ही मात्र अर्धवट सोडलेली गोष्ट आहे.

गंमत म्हणजे आर्म आधी थांबत असल्यामुळे छापला जाणारा पत्ता लिहिणाऱ्या सूचनेचाच असतो. इंटेलवर तो पुढच्या सूचनेचा येतो. म्हणून मी त्याला म्हटलं, बाकीचं सोड, पहिली ओळ वाच.

त्यात त्याच्याच फंक्शनचं नाव होतं. सोळा घरांच्या ॲरेत तो सतरावं घर भरत होता आणि शेजारीच तो आकडा राहत होता.