चष्मा घालवायचा, पण कोणत्या लेसरने?

लग्नाची बोलणी सुरू झाली किंवा पोलीस भरतीची जाहिरात निघाली की माझ्या ओपीडीत चष्मेवाल्या तरुणांची वर्दळ वाढते. मोबाईलवर सगळा अभ्यास झालेला असतो. मुलगा विचारतो, "डॉक्टर, सगळ्यात लेटेस्ट कोणतं?" आई विचारते, "सगळ्यात सेफ कोणतं?" दोघांनाही मी एकच सांगतो : आधी मशीनवर हनुवटी टेकवू दे, मग बोलू.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. सरासरी ५४० मायक्रॉन. मायनस नंबर घालवायचा म्हणजे या पडद्याचा मधला भाग थोडा सपाट करायचा. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागात एका नंबरमागे साधारण १२ मायक्रॉन पेशीजाल काढावं लागतं. कोणतंही लेसर वापरा, ही किंमत जवळपास तेवढीच. फरक पडतो तो त्या थरापर्यंत पोहोचायच्या वाटेत.

ही कोरीव कामाची कला एका सणाच्या उरल्यासुरल्या जेवणातून आली. १९८१ साली न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंगला उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर १९३ नॅनोमीटरचं एक्सायमर लेसर सोडलं. खाच स्वच्छ पडली, कडा करपल्या नाहीत. तेच लेसर पुढे डोळ्यावर आलं.

पहिली पद्धत पीआरके. वरची नाजूक त्वचा खरवडून काढायची आणि थेट लेसर द्यायचं. त्वचा पुन्हा येईपर्यंत तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, पाणी येतं, नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात. म्हणून ही पद्धत जुनाट वाटते. पण डोळ्यात कसलाही कप्पा उरत नाही, हा तिचा मोठा गुण.

दुसरी लॅसिक. पुस्तकाचं पान उलटावं तशी सुमारे ११० मायक्रॉनची झडप उघडायची, खाली लेसर द्यायचं, झडप पुन्हा बसवायची. पूर्वी ती ब्लेडने कापत, आता बऱ्याच ठिकाणी फेम्टोसेकंद लेसरने. दुसऱ्या दिवशी माणूस खुशीत कामावर जातो. मात्र झडप कापताना नसाही कापल्या जातात, त्यामुळे काही महिने डोळे कोरडे पडतात. आणि झडप पूर्वीइतकी घट्ट कधीच चिकटत नाही.

तिसरी स्माइल, २०११च्या सुमारास रुळू लागलेली. फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच भिंगासारखी पातळ चकती कापतं आणि ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. झडप नाही, कोरडेपणा तुलनेने कमी. पण नजर पूर्ण निवळायला लॅसिकपेक्षा थोडे दिवस जास्त लागू शकतात, आणि थोडा नंबर उरलाच तर तो काढण्यासाठी पुष्कळदा पीआरकेकडेच वळावं लागतं.

आता हिशेब. एक कबड्डी खेळणारी मुलगी आली. नंबर मायनस चार, जाडी ४८५. लॅसिक केलं तर झडपेचे ११० आणि लेसरचे ४८ वजा जाऊन खाली ३२७ मायक्रॉन उरतात. किमान २५० उरावेत असा संकेत आहे, आम्ही बरेचजण ३००च्या खाली जात नाही. म्हणजे कागदावर लॅसिक बसत होतं. पण चढाईत कोपर डोळ्यावर बसला आणि झडप सरकली तर? तिला पीआरके सुचवलं. "तीन दिवस दुखेल," म्हटल्यावर ती हसली, "डॉक्टर, गुडघा यापेक्षा जास्त दुखलाय."

त्याच आठवड्यात एका मुलाचा नंबर फक्त दोन, जाडीही भरपूर. पण मशीनने काढलेल्या कॉर्नियाच्या नकाशात खालच्या अर्ध्यात लाल डाग उमटला होता. तिथे कॉर्निया जास्त बाकदार होता, आणि तो बोलता बोलता डोळे चोळत होता. ही केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा फुगत जाण्याच्या आजाराची, चाहूल असू शकते. अशा कॉर्नियावर लेसर चालवलं तर तो आणखी कमकुवत होऊन फुगत जातो. त्याला तिन्ही पद्धतींना नाही म्हटलं. बाप नाराज झाला. दुसरीकडे स्वस्तात करून देतात म्हणाला. मी त्याला नकाशाची प्रत दिली आणि जिथे जाल तिथे हा आधी दाखवा, एवढंच सांगितलं.

ज्यांचं जमतं त्यांनी एवढं पाळावं. अठरा पूर्ण असावीत आणि नंबर वर्षभर स्थिर असावा. तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवाव्यात. भरतीसाठी करत असाल तर त्या दलाचे नियम आधी वाचावेत. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतो, तो यातल्या कुठल्याच लेसरने कायमचा टळत नाही. आणि शस्त्रक्रियेआधीचा नंबर व कॉर्नियाचे रिपोर्ट घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावेत. साठीत मोतीबिंदू काढताना आत बसवायच्या भिंगाचा नंबर नेहमीच्या सूत्राने काढला तर लेसर झालेल्या डोळ्यात तो चुकू शकतो. तेव्हा तुमच्या डॉक्टरला या जुन्या फायलीची मदत होईल.