यात्रेकरूंच्या उंबऱ्यावर

दारूच्या गुत्त्याची पायरी चढणार नाही, असा शब्द मी आईला दिला तेव्हा माझे वय १५ वर्षांचे होते. त्याच दिवशी वडिलांना मूठमाती देऊन आम्ही घरी परतलो होतो. हातभट्टीने आधी आमची वाडी नेली आणि मग त्यांना नेले. तो शब्द मी ४५ वर्षे पाळला. म्हणूनच २०१८ च्या सप्टेंबरात ब्रिस्टलला नोकरीस असलेला माझा भाचा ग्लास्टनबरीच्या बाजारपेठेत एका पबच्या दारासमोर थांबला, तेव्हा माझे पाऊल अडखळले.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील या लहानशा गावी आम्ही गेलो होतो ते तेथील मठाचे अवशेष पाहण्यासाठी. एके काळी हा बेनेडिक्टाईन मठ इंग्लंडमधील सर्वांत संपन्न मठांपैकी एक होता. आठव्या हेन्री राजाच्या काळात तो लुटला गेला. १५ नोव्हेंबर १५३९ रोजी वृद्ध मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यांना दोन संन्यासी बंधूंसह गावाजवळच्या टेकडीवर फाशी देण्यात आले. १८९५ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धन्य घोषित केले. सकाळभर त्या भग्न कमानींखाली हिंडून मन जड झाले होते.

"मामा, ही जागाही मठाचीच आहे," भाचा म्हणाला. 'जॉर्ज अँड पिलग्रिम्स' ही दगडी वास्तू पंधराव्या शतकात मठाधिपती जॉन सेलवुड यांनी यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी बांधली. दारावर मठाचे चिन्ह आहे, तसेच चौथ्या एडवर्ड राजाचेही. मठ कोसळला, धर्मशाळा तेवढी उरली. शब्द गुत्त्याविषयी दिला होता, धर्मशाळेविषयी नव्हे, अशी मनाची समजूत घालून मी आत शिरलो.

भाच्याने एलचा एक पेला घेतला, मी सफरचंदाचा रस. पेल्यात फेस नव्हता म्हणावा इतका थोडा. भाच्याने त्यामागचे शास्त्र सांगितले. जवाचे माल्ट, पाणी, हॉप्सची कडवट फुले आणि यीस्ट एवढ्यातून ही एल तयार होते. ती गाळून, तापवून निर्जीव केली जात नाही. पिपात भरल्यावरही ती आंबत राहते, आणि थंड तळघरातून हातपंपाने वर ओढली जाते. पीप एकदा उघडले की तीन-चार दिवसांत संपवावे लागते. मोठ्या कंपन्यांच्या टिकाऊ, वायू भरलेल्या बिअरपुढे ही रीत नामशेष होऊ लागली, तेव्हा १९७१ साली काही सामान्य ग्राहकांनी तिच्या रक्षणासाठी चळवळ उभारली.

मला संत बेनेडिक्ट आठवले. त्यांच्या नियमावलीच्या चाळिसाव्या अध्यायात मद्याचे माप ठरवून दिले आहे. मद्य संन्याशांसाठी नव्हे, हे ते जाणतात; पण ते कोणी ऐकणार नाही हेही जाणतात, आणि निदान बेताने प्या असे सांगतात. माणसाच्या दुर्बलतेकडे पाहण्याची ही केवढी सौम्य दृष्टी!

भोवती शेजारीपाजारी बसले होते. एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, त्यांचा कुत्रा पायाशी निजला होता. एक जोडपे अर्धा-अर्धा पेला पुढ्यात ठेवून तासभर बोलत होते. मात्र कोपऱ्यात एक गृहस्थ एकटाच पीत होता, भराभर, कोणाकडे न पाहता. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. व्यसनाला देश नसतो.

एवढ्यात आजोबा उठले, पेला घेऊन त्याच्या बाकावर जाऊन बसले आणि हवापाण्याविषयी काहीतरी बोलू लागले. तो माणूस हसला नाही, पण त्याने पेला खाली ठेवला.

मी मान वळवली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर आमच्याकडची दारू अंधारात गेली होती. वडील भट्टीमागे, माडांच्या आड, लपून पीत. त्यांना रागावणारे पुष्कळ होते: आई, नातलग, व्यासपीठावरून फादर, आणि मी. त्यांच्या शेजारी जाऊन बसणारा कोणी नव्हता. बसल्याने ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पण मी कधी बसलो नाही, हे खरे.

मठासमोरच संत मरियेचे कॅथॉलिक चर्च आहे. संध्याकाळी तेथे गुडघे टेकले. आजवर दर मृतात्म्यांच्या दिनी मी वडिलांसाठी प्रार्थना म्हणत आलो होतो. पण ती कर्तव्य म्हणून, मनात आईचे दुःख धरून. त्या दिवशी प्रथमच राग बाजूला ठेवून त्यांचे नाव घेतले.

आईला दिलेला शब्द मोडला नाही. तो आता आणखी एका शब्दासह पाळतो. आमच्या आळीत असाच एक तरुण आहे. रविवारी मिस्सा आटोपल्यावर मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. बोलतो थोडेच.