फणसाचे दार

आमच्या अलोऱ्याच्या घराचे पुढचे दार फणसाच्या लाकडाचे होते. होते म्हणतो, कारण यंदा जूनमध्ये मी ते विकले. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने मास्तराच्या दोन पगारांएवढी रक्कम हातावर ठेवली. आई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दादाकडे डोंबिवलीला होती. तिला कोणी कळवले नाही.

चौकटीत प्लायवूडचे दार बसवले. पण दिवाळी जवळ आली तशी माझी झोप उडाली. आई वसुबारसेला येणार होती, तीही नव्या डोळ्यांनी!

शेवटी वाडीतल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याला गाठले.

"त्यात काय मास्तर, प्लायवूडचा फणस करू!" तो म्हणाला.

आधी दाराला पिवळ्या ऑइलपेंटचा हात दिला आणि तो चांगला वाळू दिला. खरी मेख पुढच्या पातळ हातात. जवसाचे तेल, टर्पेंटाइन आणि त्यात चिमूट चिमूट रंग. इतका विरळ, की खालचा पिवळा त्यातून दिसत राहावा. तेल जास्त झाले तर ओघळते, टर्पेंटाइन जास्त झाले तर फणी फिरवायच्या आत सुकते. बाजारचा तपकिरी रंग त्याने घेऊच दिला नाही. मातीची पिवडी लोखंडी तव्यावर भाजली. पाहता पाहता ती तांबूस झाली. पिवडीतले पाणी उडाले की तिचा गेरू होतो. इटलीतल्या सिएना गावच्या मातीचा भाजका रंग चित्रकार वापरतात, तो याच जातीचा. इतकी वर्षे पोरांना शिकवतो आहे, पण ही गोष्ट डोळ्यांनी प्रथमच पाहिली.

मुलीच्या जुन्या फणीचे काही दात मोडून ओल्या रंगावरून ती नागमोडी ओढली. गाठी बुचाने उठवल्या. तेलाच्या चिंध्या मी कोपऱ्यात टाकत होतो, तर रंगारी ओरडला, "पसरून वाळत घाला! ढीग केलात तर आपोआप पेटतील."

तुम्ही म्हणाल, यात एवढे लपवण्यासारखे काय? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्यापूर्वी नाटकांचे पडदे रंगवीत. खरे आहे. पण तो पडदा पडदा म्हणूनच टांगलेला असे. (कादंबऱ्यांत मीही बरीच खोटी घरे बांधली आहेत, त्यांतल्या एकातही आईला राहायचे नव्हते.)

जुन्या दाराच्या डाव्या फळीला एक चीर होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात ती पडली, असे आई सांगे. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन या घरात आली होती. ती चीरही मी बारीक कुंचल्याने काढली, तिच्या कडेला सावलीसुद्धा दिली.

आई आली. रिक्षातून उतरून दाराकडे पाहून हसली. मग आत शिरताना नेहमीच्या सवयीने तिने चिरेवर बोट फिरवले. बोट थांबले, पुन्हा फिरले.

"किती आले?" तिने विचारले.

मी आकडा सांगितला.

"पोरीची फी भरलीस?"

"भरली."

"मग हे कशाला रंगवत बसलास?" ती म्हणाली. कोकणातली हवा, रंग अजून पुरता वाळला नव्हता. बोटाला लागलेला तांबूस डाग पदराला पुसत ती आत गेली.