गाडीचा ताळेबंद

मोटारीतलं मला काही कळत नाही. मी बी. कॉम. आहे. पण आमच्या घरात जी वस्तू बिघडते ती माझ्यामुळेच बिघडते, असा ठराव लग्नानंतर पहिल्याच वर्षी एकमताने मंजूर झालेला आहे. (ते एक मत कुणाचं, हे सुज्ञांस सांगणे न लगे.) त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात सासुरवाडीला साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडीनं असहकार पुकारला, तेव्हा हिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर थेट ऑडिटरची होती.

गाडी सेकंडहँड, पण टर्बो आणि शिवाय ऑटोमॅटिक. डाव्या पायाला काम नाही, डाव्या हाताला काम नाही. नुसतं बसून राहायचं. असल्या कामाचा मला अनुभव दांडगा, म्हणून घेतली. पण घाट लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा तिसऱ्यात येरझाऱ्या घालू लागली. कर्ज मंजूर करावं की न करावं अशा अवस्थेतले आमचे मॅनेजरसाहेब केबिनमध्ये अशाच घालतात. मी पाय दाबावा, तिनं नुसतं ओरडावं आणि दर बदलाला आमच्या माना पुढे-मागे व्हाव्यात. शेवटी एक पिवळा दिवा लागला आणि गाडी तिसऱ्यातच ठाण मांडून बसली.

"अहो, साधी गिअरची घेऊ या, असं मी म्हणत होते," ही म्हणाली. ती असं कधीच म्हणाली नव्हती. पण मागे ट्रक हॉर्न वाजवत असताना असल्या मुद्द्यांवर वाद घालू नये.

जिथं गाडी दाखवली तिथं गळ्यात टाय बांधलेल्या एका मुलानं तिला यंत्र लावलं आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात त्या आवाजात सांगितलं, "सर, गिअरबॉक्स गेला." खर्च करासकट १,६०,००० रुपये. हा आकडा ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण तेवढ्याच रकमेची एक मुदतठेव माझ्याच शाखेत आमच्या कन्येच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली होती.

"पावती मोडायची का?" मी रात्री विचारलं. ही काहीच बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मला झोप येईना. मनात आलं, बँकेत ताळा लागला नाही तर आपण काय करतो? कॅशियर बदलतो का? नाही. आधी फरक काढतो. फरकाला नऊनं नि:शेष भाग गेला तर बहुधा आकडे उलटसुलट पडलेले असतात. ५४ चे ४५ झालेले असतात. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधतो. ती नावेऐवजी जमेला पडलेली सापडते. चूक जिथं दिसते तिथं ती क्वचितच असते. ती आधीच्या पानावर असते. मग गाडीचं आधीचं पान कुणी पाहिलं होतं?

सकाळी गाडी आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली.

"साहेब, कोड काय आलेत?" त्यांनी विचारलं.

मी चिठ्ठी दिली. पी ०७०० आणि पी ०२९९.

"पहिला कोड म्हणजे नुसता तक्रारअर्ज. गिअरच्या कॉम्प्युटरनं इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवलंय की इकडं काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते त्यात नाही. दुसरा वाचलाच नाही का कुणी? टर्बोची हवा मागितली त्यापेक्षा कमी येतीय."

तरी त्यांनी आधी गिअरबॉक्सच तपासला. इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आणून पातळी पाहिली. तेल लालच होतं. काळं नाही, जळका वास नाही. रस्त्यावर एकाच गिअरमध्ये धरून पाहिलं, तर इंजिनचे फेरे गाडीला मागं टाकून पळत नव्हते. म्हणजे आतले क्लच घसरत नव्हते. मग त्यांनी स्कॅनरवर मला दोन रकाने दाखवले : हवा मागितली किती आणि मिळाली किती. आयुष्यात पहिल्यांदाच मोटारीतलं मला काहीतरी कळलं. पाय दाबला की दोन रकान्यांचा ताळा लागत नव्हता!

टर्बो म्हणजे वाया जाणाऱ्या धुरावर फिरणारं चक्र. १९०५ साली आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं या कल्पनेचं पेटंट घेतलं. मिनिटाला लाखावर फेरे घेऊन ते इंजिनात हवा कोंबतं. मिस्त्रींनी हवेच्या वाटेत धूर सोडला, आणि टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपखालून तो उदबत्तीसारखा वर आला. नळीला बोटभर चीर होती.

"हवा इथनं पळती, इंजिन दमतं, तुम्ही पाय दाबता. गिअरबॉक्सला वाटतं, साहेबांना जोर पाहिजे. तो गिअर खाली आणतो. त्यात इंजिन जोराचा आकडा चुकीचा कळवतं, त्या हिशेबानं तो क्लच दाबतो, म्हणून हिसके. त्याचा काय दोष?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वरून व्हाउचर चुकीचं आलं, खाली सही करणाऱ्याला मेमो मिळाला. त्या गिअरबॉक्समध्ये मला माझा सख्खा भाऊ दिसला.

नळी, क्लिप आणि मजुरी मिळून ३,८५० रुपये झाले. पुढच्या रविवारी गाडी घाट अशी चढली की हिनं चक्क डुलकी काढली. कन्येची पावती शाबूत राहिली.

घरी आल्यावर मी सवयीनं कागद घेतला. १,६०,००० वजा ३,८५०, फरक १,५६,१५०. नऊनं भागून पाहिलं. नि:शेष भाग गेला!

"म्हणजे काय हो?" हिनं विचारलं.

"म्हणजे, कुणाचे तरी आकडे उलटसुलट पडले होते."

"तुमचेच असतील," ही म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.