कापूस आज विकायचा की राखायचा?

घरात वेचलेल्या कापसाची गंजी छतापर्यंत गेलेली. वडील दवाखान्यात. दारात खेडा खरेदीवाल्याचा मेटॅडोर उभा आणि तो म्हणतो, ‘भाव पडून राह्यला, आजच दे.’ खाली दोन ओळी उमटतात: ‘विकते’ आणि ‘थांबते’. बोट जिकडे पडेल, तिकडे गोष्ट वळते.

हा राळेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजकन्येचा पहिला गेम. चित्रं नाहीत, आवाज नाही, सगळा खेळ शब्दांचा. तो तिनं ट्वाइनमध्ये बांधला. क्रिस क्लिमस यांनी २००९ साली आणलेलं हे साधन फुकट मिळतं. प्रसंग चौकटीत लिहायचा, पुढच्या प्रसंगाचं नाव दुहेरी चौकटी कंसात टाकायचं, की दोन्ही बाणानं जोडले जातात. तयार होणारी फाइल कुठल्याही ब्राउजरमध्ये उघडते. तीच तिनं मला व्हॉट्सॲपवर पाठवली: ‘सर, कसा वाटला ते सांगा.’

‘छान आहे’ एवढंच कळवलं असतं, तर तिच्या हाती काहीच लागलं नसतं. म्हणून खेळण्याआधी एकच विचारलं: खेळणाऱ्याला काय जाणवावं, असं तुला वाटतं? तिचं उत्तर आलं, ‘बाबांची दरवर्षी जी घालमेल होते, ती.’ पुढचा प्रत्येक शेरा याच उत्तराशी ताडून द्यायचा, हे तिथंच पक्कं झालं. गोष्ट तिची होती. ती मला आवडेल तशी वळवायचा अधिकार मला नव्हता.

जुन्या धर्तीच्या, आज्ञा टाइप करून खेळायच्या गेममध्ये खेळणाऱ्यानं काय लिहिलं याची आपोआप नोंद ठेवता येते आणि चाचणी घेणारे ती लेखकाला देतात. ट्वाइनमध्ये ही सोय आयती नसते. म्हणून मी खेळता खेळता वहीत वाट लिहीत गेलो: कुठला पर्याय घेतला, का घेतला, त्या क्षणी काय होईल असं वाटलं आणि झालं काय.

सगळ्यात मोठी अडचण सापडली खरेदी केंद्रावर. त्याआधी गेम विचारतो, कापूस दिवसभर उन्हात पसरायचा की लगेच गाडीत भरायचा? मी पसरला. केंद्रावर ग्रेडरनं यंत्र खुपसलं आणि म्हणाला, ‘ओलावा जास्त आहे, परत न्या.’ मागे जाऊन न वाळवता नेला, तरी तेच वाक्य. दोन्ही बाण एकाच चौकटीत जात होते. तिला लिहिलं: ‘वाळवायला मी एक दिवस घालवला, तो कुठं गेला ते मला कळलं नाही. इथून पुढे मी पर्याय नीट वाचणं सोडलं.’

उपाय तिनंच शोधला, कारण व्यवहार तिला पाठ होता. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ असला तर टक्क्यामागे कपात, १२ च्या वर सरकारी खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस घेतच नाही. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव होता क्विंटलला ८११० रुपये. तिनं गेममध्ये ‘ओलावा’ नावाचा आकडा ठेवला: सुरुवातीला १४, वाळवल्यावर १०. आता ग्रेडरचं बोलणं त्या आकड्यावर ठरतं.

दुसरी खटकलेली जागा आगीची. कापूस घरात ठेवला, की रात्री तो अचानक पेटतो आणि गेम संपतो. खेळणाऱ्याला सावध व्हायची संधीच नाही. ‘आधी काही दिसलं असतं, तर हळहळ वाटली असती, आता फक्त चिडचिड झाली,’ एवढंच कळवलं. नव्या आवृत्तीत गंजीवर लोंबणारी उघडी वायर संध्याकाळीच दिसते. ती बांधायची की तसंच झोपायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं.

जमलेलं काय, हेही नेमकं सांगावं लागतं. नाहीतर नवखा माणूस दुरुस्तीच्या भरात तेच खोडून टाकतो. साठवलेल्या कापसानं घरभर खाज सुटते. तिच्या गेममध्ये धाकटा भाऊ रात्रभर अंग खाजवतो आणि सकाळी शाळेत जात नाही. थांबण्याची किंमत तिथं कुठलाही उपदेश न करता कळते. ‘याला हात लावू नकोस,’ असं मी लिहिलं. वऱ्हाडीबद्दलही तेच. ‘मले’, ‘तुले’ बदलून प्रमाण भाषा करू का, असं ती विचारत होती. तिची माणसं जिथं वऱ्हाडी बोलतात, तिथंच ती जिवंत होतात.

या प्रकारातला आद्य गेमही असाच जवळच्या अनुभवातून आला. गुहा धुंडाळणारे प्रोग्रॅमर विल क्राउदर यांनी केंटकीतल्या मॅमथ गुहेवरून ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ लिहिला. १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी त्यांच्या संमतीनं तो वाढवला. हे तिला सांगितलं ते धीर देण्यासाठी: दुसऱ्याचा हात लागला म्हणून गेम परका होत नाही.

नंतर तिनं फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही. कापूस मात्र दरवर्षी विकतात. केंद्रावरून परत पाठवल्याच्या प्रसंगावर ते थांबले आणि म्हणाले, ‘गाडीभाडं कोन देते?’ परत आणलेल्या गाडीचं भाडं तिच्या गेममध्ये नव्हतंच. माझ्याही वहीत ते नव्हतं. आता ‘ओलावा’च्या शेजारी ‘भाडं’ नावाचा दुसरा आकडा आहे आणि केंद्रावरची प्रत्येक परतफेरी तो वाढवते.