गाईचा ओट माझ्या ताटात

गाईंसाठी दरवर्षी रब्बीत केंट ओट करतो. मागल्या वर्षी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले ओट्स खा. म्हटलं, घरचाच खाऊ! दोन वाफे न कापता दाण्यावर सोडले. (उरलेलं बियाणं खाऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं.)

मळणी झाली, पण गव्हासारखं टरफल सुटेना. आईने कढईत हलकं भाजून, उखळात कांडून, पाखडून कसाबसा किलोभर दाणा काढला. रात्री भिजवला, सकाळी तिप्पट पाण्यात पाऊण तास शिजवला. वरून ताक, मीठ, जिरं. चावून दाढा दुखल्या, पण दुपारपर्यंत भूक नाही.

आई म्हणते, "त्यापरीस अख्खी ज्वारी शिजव की, तिला कांडायला नको." सध्या घरात तीच शिजते. वाफे मात्र यंदाही राखलेत. टरफल काढायची सोपी युक्ती कुणाला ठाऊक असेल तर कळवा.