दुहेरीचा हिशेब

ज्वाला गुट्टाचं नाव काढलं की आपल्याकडे दोन गोष्टी पटकन आठवतात. एक तिचा फटकळपणा, दुसरी तिची भांडणं. खेळाबद्दल विचाराल तर "ती डबल्स खेळायची ना?" इथपर्यंत गाडी येते आणि थांबते. हे 'डबल्स खेळायची ना' आपण ज्या सुरात म्हणतो, त्या सुरातच गोम आहे. म्हणजे कसं, आपल्याकडे "तो टेस्टिंगला आहे ना?" म्हणतात, अगदी तस्सं. (समस्त टेस्टर मंडळींनो, चपला खाली ठेवा. मी तुमच्याच बाजूने बोलतोय.)

तर गेले दोन वीकेंड मी या बाईची अख्खी कारकीर्द एका एक्सेल शीटमध्ये मांडून बसलोय. बायकोच्या मते हा नवीन आजार आहे. कारण घरगुती आहे, ते पुढे येईलच.

आधी ओळख. जन्म ७ सप्टेंबर १९८३, गाव चक्क आपलं वर्धा! वडील क्रांती गुट्टा तेलुगू, आई यलान चीनची. ती १९७७ मध्ये आजोबांबरोबर भारतात आली, ती सेवाग्रामच्या आश्रमात. ज्वाला पुढे हैदराबादेत वाढली आणि एस. एम. आरिफ सरांच्या हाताखाली तयार झाली. श्रुती कुरियनला जोडीला घेऊन तिने २००२ ते २००८ अशी सलग सात वर्षं महिला दुहेरीचं राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं. सात वर्षं, एक जोडीदार! आपण एवढ्या काळात तीन कंपन्या बदलतो. मग मिश्र दुहेरीत व्ही. दिजूबरोबर २००९ च्या सुपर सिरीज मास्टर्सच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. तिथे हरली ती डेन्मार्कच्या योआखिम फिशर नील्सन आणि क्रिस्टिना पेडरसनकडून. हे पेडरसन नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आणि मग अश्विनी पोनप्पा. ही कोडगू घराण्यातली मुलगी, ज्वालाहून सहा वर्षांनी लहान. ज्वाला डावखुरी, अश्विनी उजवी. अश्विनीचा मागून येणारा स्मॅश तोफेसारखा, आणि त्यावर समोरून जे काही लंगडं परत येईल ते नेटपाशी ज्वाला ठेचणार. दुहेरीचं कोर्ट वीस फूट रुंद, एकेरीचं सतरा. पण सर्व्हिस मात्र मागच्या रेषेच्या अडीच फूट आतच टाकावी लागते. त्यामुळे सगळी मारामारी पहिल्या तीन-चार फटक्यांत होते. विचार करायला वेळच नाही. मधोमध आलेलं शटल कुणी घ्यायचं हे ओरडून ठरवायला गेलात तर शटल तोवर जमिनीवर. ते आधीच ठरलेलं असावं लागतं, शेकडो तासांच्या सरावातून. दोघींपैकी कुणी एकटी ते कौशल्य घरी घेऊन जाऊ शकत नाही.

या जोडीने १४ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण घेतलं, सिंगापूरच्या जोडीला २१-१६, २१-१९ असं हरवून. भारताचं महिला दुहेरीतलं हे पहिलं सुवर्ण. पुढच्याच वर्षी लंडनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य. यापूर्वी भारताला या स्पर्धेत पदक मिळालं होतं ते प्रकाश पदुकोणना, १९८३ साली. म्हणजे ज्वाला जन्मली त्या वर्षी! मधली अठ्ठावीस वर्षं कोरडी.

आता घरगुती कारण. माझा थोरला भाऊ माजलगावला असतो. आमच्या लहानपणी तिथे बॅडमिंटन म्हणजे गच्चीवर आडवी बांधलेली दोरी. धरणाच्या बाजूने वारा सुटला की शटल थेट शेजारच्यांच्या वाळवणात. आता दिवस बदललेत, माझी पुतणी नववीत आहे आणि हॉलमध्ये खेळते. गेली तीन वर्षं वर्गातल्याच एका मैत्रिणीबरोबर दुहेरी. जिल्ह्याच्या स्पर्धांत दोघी बरं खेळतात. तर त्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली व्हायची आहे. दादाचा फोन: "अरे, सर म्हणायलेत की आता हिला सिंगल्सला टाका. जोडीच्या खेळात काय भविष्य नाही, पार्टनर गेली की खेळ गेला. आणि ही रडायली नुस्ती. तू काय म्हणतोस? तुला इंटरनेटवरचं समदं माहिती असतं."

इंटरनेटवरचं समदं. असो. पण सरांचा प्रश्न काही चुकीचा नाही. दुहेरीत करिअर करण्याची किंमत काय, हे भाबडेपणा न करता सांगायचं असेल तर ज्वालाइतकं स्वच्छ उदाहरण नाही.

२०१२ चं लंडन ऑलिंपिक घ्या. गटात जपान, चिनी तैपेई, सिंगापूर आणि आपण. आपण जपानकडून १६-२१, १८-२१ असं हरलो. तैपेईला २५-२३, १६-२१, २१-१८ आणि सिंगापूरला २१-१६, २१-१५ असं हरवलं. शेवटच्या सामन्यात तैपेईने जपानला हरवलं आणि तीन जोड्या दोन-दोन विजयांवर आल्या. मग गुणांची बेरीज-वजाबाकी. आपण मिळवले १३८, दिले १३५, फरक अधिक तीन. जपानचा फरक अधिक चार. एका गुणाने घरी! भारताने जपान-तैपेई सामन्याबद्दल तक्रार केली, ती फेटाळली गेली.

खरी गंमत (गंमत कसली, डोकं भंजाळतं) त्यापुढे आहे. त्याच दिवशी डेन्मार्कच्या क्रिस्टिना पेडरसन आणि कामिला रिटर-यूल यांनी चीनच्या तियान-झाओ जोडीला हरवलं. त्यामुळे पुढच्या फेरीची आकडेमोड अशी झाली, की दोन गटांतल्या चार जोड्यांना शेवटचा सामना जिंकण्यापेक्षा हरणं सोयीचं वाटलं. हजारो प्रेक्षकांसमोर सर्व्हिस मुद्दाम नेटमध्ये. दुसऱ्या दिवशी चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक, अशा आठ खेळाडू बाद. त्यांच्या जागी त्याच गटांतल्या खालच्या जोड्या वर आल्या. कॅनडाची जोडी गटातले तिन्ही सामने हरलेली, ती चौथी आली. रशियाच्या जोडीने कांस्य नेलं. आपल्या गटात कुणी बाद झालं नाही, म्हणून आपण बाहेरच. आणि एका गुणाने पुढे गेलेली ती जपानी जोडी? त्यांनी रौप्य घेतलं.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी या प्रकारात एक गोष्ट पाहावी. नियमच असे लिहिले होते की विशिष्ट इनपुटला हरणं फायद्याचं ठरत होतं. रिओच्या आधी तो बग दुरुस्त केला, गटफेरीनंतर पुन्हा ड्रॉ काढायचं ठरलं. पण दुरुस्ती नेहमी पुढच्या व्हर्जनमध्ये येते. ज्याचा डेटा आधीच्यात गेला, तो गेला.

ऑलिंपिकचा तो एक गुण दैवाचा म्हणू. पण २०१३ मध्ये जे झालं ते माणसांनी ठरवून केलेलं. इंडियन बॅडमिंटन लीगच्या लिलावात ज्वाला आणि अश्विनी 'आयकॉन' खेळाडू, पायाभूत किंमत प्रत्येकी ५० हजार डॉलर. ऐन वेळी लीगमधून महिला दुहेरीचा प्रकारच काढून टाकला आणि दोघींची किंमत २५ हजारांवर आणली. ज्वाला ३१ हजारांना दिल्लीकडे गेली, अश्विनी २५ हजारांना आपल्या पुण्याकडे. सायना १ लाख २० हजारांना. दोघींनी जाहीर संताप व्यक्त केला, मग फरक भरून देऊ अशी घोषणा झाली. जागतिक पदक असलेल्या दोन खेळाडूंची किंमत एका बैठकीत अर्धी होते, कारण त्या जे करतात तो रकानाच तक्त्यातून उडवला!

हे वाचून तुम्हाला अप्रेझल आठवलं नसेल तर तुम्ही नशीबवान. आमच्या एका जुन्या कंपनीत वर्षाच्या शेवटी एक फॉर्म यायचा. त्यात 'तुमचं वैयक्तिक योगदान' अशी मोठी चौकट. आम्ही दोघं वर्षभर शेजारी बसून एकच मॉड्यूल लिहायचो. तो अडला की मी, मी झोपलो की तो. कुठली ओळ कुणाची, देव जाणे. मॅनेजर म्हणाला, बेल कर्व्हमध्ये वरच्या खणात एकच बसतो, कुणाला टाकू सांगा. काम जोडीने होतं आणि मोजदाद एकेकट्याची. खेळातही तेच. बक्षिसाचं पाहा: मोठ्या स्पर्धांत दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला एकेरीच्या विजेत्यापेक्षा जेमतेम थोडी जास्त रक्कम मिळते, आणि ती दोघांत वाटायची.

ज्वालाला फरक असा, की ती हे गप्प बसून घेत नव्हती. शिबिरांत दुहेरीकडे दुर्लक्ष होतं, स्वतंत्र प्रशिक्षक हवा, हे ती माईक समोर आला की बोलायची. त्याची किंमतही तिने मोजली. २०१३ मध्येच लीगमधल्या एका सामन्यावरून झालेल्या वादानंतर तिच्यावर आजीवन बंदीची शिफारस झाली. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तिथून दिलासा मिळाला आणि पुन्हा कोर्टवर उतरली. २०१४ मध्ये ग्लासगोला राष्ट्रकुलचं रौप्य, उबेर कपमध्ये भारताला कांस्य, २०१५ मध्ये कॅनडा ओपनचं विजेतेपद. त्याच वर्षी मलेशियाचे तान किम हर भारताचे दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून आले. २०१६ च्या रिओत मात्र तिन्ही सामने गेले आणि जोडी तिथेच संपली. (गटात समोर असलेल्या मात्सुतोमो-ताकाहाशी या जपानी जोडीने पुढे सुवर्ण घेतलं. अंतिम फेरीत कुणाला हरवून? पेडरसन आणि रिटर-यूल!)

त्या दोघी डॅनिश बायकांचं मला कौतुक वाटतं. रिओचं रौप्य, मग २०१८ मध्ये ऑल इंग्लंड जिंकून रिटर-यूल निवृत्त झाली. डेन्मार्कची लोकसंख्या जेमतेम ६० लाख, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्याच्या दुपटीहून थोडी जास्त. पण गावोगावी क्लब, क्लबला हॉल, आणि हॉलमध्ये दुहेरी खेळणाऱ्याला कुणी दुय्यम म्हणत नाही.

आणि आपल्याकडे हे काही आकाशातून पडलेलं नाही. क्रिकेटवाले प्रा. दि. ब. देवधर आपल्याला माहीत असतात. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुलींनी १९४० च्या दशकात देशाचं बॅडमिंटन गाजवलं, हे किती जणांना माहीत आहे? मुंबईच्या अमी घिया यांनी कंवल ठाकर सिंग यांच्याबरोबर १९७८ च्या एडमंटन राष्ट्रकुलमध्ये कांस्य घेतलं, तेही दुहेरीतच.

तर दादाला मी काय सांगितलं? आधी वाईट बाजू सांगितली. पैसा कमी, नाव अर्धं, आणि निम्मं भवितव्य दुसऱ्याच्या गुडघ्यावर आणि दुसऱ्याच्या बापाच्या बदलीवर. मग म्हटलं, पण 'पार्टनर गेली की खेळ गेला' हे मात्र खरं नाही. ज्वालाने श्रुतीबरोबर, दिजूबरोबर, अश्विनीबरोबर तीनदा शून्यापासून जोडी बांधली. अश्विनी तर ज्वालानंतरही थांबली नाही. सिक्की रेड्डीबरोबर २०१८ मध्ये राष्ट्रकुलचं कांस्य, मग चौदा वर्षांनी लहान असलेल्या गोव्याच्या घराण्यातल्या तनिषा क्रास्टोला घेऊन २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत. त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं ऑल इंग्लंडच्या उपांत्य फेरीत गेल्या. दुसऱ्याची चाल ओळखायला शिकणं ही वस्तू पार्टनरबरोबर ट्रकमध्ये भरून जात नाही. ती पोरीजवळच राहते.

"आणि एक," मी म्हटलं, "तुमच्याकडे कोर्ट एक. त्यावर एका तासात सिंगल्सच्या दोघी खेळतात, डबल्सच्या चौघी. सरांना हे गणित सांगून बघ."

दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "हे गणित पटतंय बघ. पण चौथी पोरगी कुठून आणायची?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. शोध सुरू आहे. माजलगावात कुणाची बारा ते पंधरा वयाची, डावखुरी असली तर उत्तमच, मुलगी असेल तर कळवा.